गाडीतळ हाच पत्ता

द्वारका गेली हे मला शोकसभेच्या छापील निमंत्रणावरून कळलं. मी हल्ली मुलाकडे पेणला असते. सकाळी पोस्टमननं पाकीट हातात दिलं, मी चष्मा शोधून ते उघडलं आणि पहिल्याच ओळीत वाचलं, 'निराश्रितांची माउली कै. द्वारकाबाई यांना श्रद्धांजली'. क्षणभर वाटलं, ही दुसरीच कोणी तरी द्वारकाबाई असेल. आमच्या द्वारकेला माउली म्हणणाऱ्याला तिनं दारातूनच परत पाठवलं असतं. मग खाली नजर गेली. शाळेचं नाव होतं, पनवेलचा पत्ता होता, आणि अध्यक्षस्थानी होते भाऊसाहेब. हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं लिहिलं असतं, पण वर्तमानपत्रात नाव छापून आल्याचा त्यांना आनंदच होईल आणि तो मी त्यांना मिळू देणार नाही. वक्त्यांच्या नावांत माझंही नाव होतं, मला न विचारता घातलेलं. मी पाकीट मांडीवर ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. रडू नंतर आलं, आधी आला तो संताप. तिच्या जाण्याला आता काही आठवडे झाले, पण तो संताप काही ओसरलेला नाही. हे वाचताना तुम्हाला तो जाणवेल. त्याला माझा इलाज नाही.

आम्ही दोघी ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहिलो आणि पुढं योगायोगानं पनवेलच्या एकाच प्राथमिक शाळेत शिक्षिका झालो. ती पहिलीला शिकवायची, मी चौथीला. ठेंगणी, सावळी, आवाज पुरुषासारखा खर्जातला, चालणं असं की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. यजमान तार ऑफिसात होते, फार सज्जन आणि फार अबोल. ते तिच्या आधी बरीच वर्षं गेले. मूलबाळ नव्हतं, आणि तिच्या सगळ्या धडपडीचं मूळ त्यातच आहे असं पनवेलच्या निम्म्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. हळदीकुंकवाला जमलं की तिच्याकडे पाहून सुस्कारे टाकायच्या. एकदा मीच तिला विचारलं होतं, "द्वारके, तू या मुलांसाठी एवढी का पेटून उठतेस?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाणी का पितेस असं विचारलं होतं. "लीले, मूल आहे, शाळा आहे, मध्ये दार आहे. दार उघडायला कारण लागतं का? बंद ठेवायला लागतं. ते त्यांना विचार..."

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला खाडीकाठच्या एका गावाचा बांध फुटला. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले ते मातीचे बांध. त्यांना भगदाड पडलं की तिकडे खांड गेली म्हणतात. त्या खांडीतून दर्या सरळ लोंबीवर आलेल्या भातात शिरला, तिथून घरांत. कुडाच्या भिंती एका दिवसात विरघळल्या. गावची एकखणी शाळासुद्धा गेली. तिचं छप्पर म्हणे खाडीतून वाहत जाताना लोकांनी पाहिलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली शेतं आज पुन्हा पिकतात आणि तिथल्या माणसांना तो काळ चारचौघांत निघालेला आवडत नाही.

बरीचशी कुटुंबं पनवेलला आली. आमच्या गावाच्या वेशीवर बैलगाड्या सोडायचा गाडीतळ होता, नगरपालिकेचा. तिथं पत्र्याची एक लांबलचक शेड, खाली शेण आणि पेंढा. त्या शेडमध्ये या लोकांनी गोणपाटांचे आडोसे करून बिऱ्हाडं मांडली. पुरुष भाताच्या गिरण्यांत हमालीला आणि गाडीवानीला लागले, बायका मिठागरांवर जाऊ लागल्या. पनवेलनं पहिले चार दिवस फार कौतुकानं त्यांना पिठलं-भात वाढला. पाचव्या दिवशी वास यायला लागला, सहाव्या दिवशी चोऱ्यांच्या गोष्टी निघाल्या. कुणाचं काय चोरीला गेलं ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

त्यातली चांगुणा नावाची मुलगी एके दिवशी द्वारकेच्या वर्गाच्या खिडकीखाली येऊन बसली. आठेक वर्षांची असेल, केस राठ झालेले, अंगावर मोठ्या माणसाचं झंपर. गावच्या शाळेत ती पहिलीत शिकत होती. आत पाढे चालले की ती बाहेरून म्हणायची, तेही आतल्या मुलांपेक्षा मोठ्यानं. द्वारकेनं खिडकीतून वाकून विचारलं, "इथं उन्हात काय करतेस? आत ये." चांगुणा म्हणाली, "शिपाई मारील." "तो मला घाबरतो," द्वारका म्हणाली, "तू माझ्या बाजूनं चालत ये." दुसऱ्या दिवशी चांगुणेबरोबर तिचा भाऊ आला, मग शेजारच्या आडोशातली दोन भावंडं, मग सगळाच पोरवडा.

हेडमास्तरांनी तिला बोलावलं. मी तिथंच मस्टरवर सही करत होते, त्यामुळे हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. हेडमास्तर म्हणजे गोरेपान, धोतराच्या निऱ्या मोजून मापून घातलेल्या, बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला आपला अपमान झाल्याचं घरी गेल्यावर कळावं.

"द्वारकाबाई, या मुलांच्या जुन्या शाळेचे दाखले कुठं आहेत?"

"खाडीत."

"थट्टा नको. दाखल्याशिवाय नाव कसं घालायचं? आणि राहण्याचा पत्ता काय लिहायचा?"

"गाडीतळ."

"गाडीतळ हा पत्ता होत नाही, बाई. तिथं बैल राहतात." आणि स्वतःच्याच विनोदावर ते हसले. वर म्हणाले, "मला का त्यांची दया येत नाही? पण ही माणसं आज इथं, उद्या तिथं. दोन महिन्यांनी निघून जाणार. आपण त्यांच्यावर मेहनत घ्यायची ती कशाला?"

द्वारका म्हणाली, "मग दोन महिने शिकू देत." ते म्हणाले, "नियम आहे." नियम हा शब्द ते असा उच्चारायचे जसा देवघरात घंटा वाजवतात. दुसऱ्या दिवसापासून शिपाई फाटकात उभा राहिला. मुलं सकाळी अंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून यायची आणि फाटकावरून परत जायची. हे रोज चाललं. रोज ती येत होती, हे लक्षात घ्या... पोरांना वाटे, उद्या कदाचित शिपाई नसेल.

प्रकरण शाळा समितीपुढं गेलं. समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब, तांदळाचे मोठे व्यापारी, दोन गिरण्यांचे मालक. गांधीटोपी त्यांनी स्वातंत्र्य जवळ आल्याची खात्री झाल्यावर घातली होती. शिक्षकांच्या वतीनं आम्ही दोघी बैठकीला गेलो. बैठकीचं वर्णन काय करू? एक सभासद म्हणाले खरूज पसरेल. एक म्हणाले ती मुलं 'हाय-नाय' बोलतात, आपल्या मुलांची भाषा बिघडेल. हे म्हणणाऱ्या गृहस्थांचे आजोबा कुठली भाषा बोलत होते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यांना एकट्यालाच विसर पडला होता. शेवटी भाऊसाहेबांनी डोळे ओलावून जाहीर केलं की ते स्वतः गाडीतळावरच्या प्रत्येक मुलाला घोंगडी वाटणार, आणि दिवाळीला लाडू. फोटोग्राफरलाही बोलावणार. टाळ्या झाल्या. द्वारका उठली. "घोंगडी द्या, थंडी येतेय. पण ती शाळेच्या वर्गात वाटा. तेवढ्या निमित्तानं तरी मुलं फाटकाच्या आत येतील." भाऊसाहेबांनी पुढचा विषय घेतला. तो शाळेच्या कमानीला कुठला रंग द्यायचा हा होता.

घोंगड्या वाटल्या गेल्या. फोटोही निघाला. चांगुणेच्या आईनं ती घोंगडी बैलाच्या पाठीवर घातली. द्वारकेनं हे पाहिलं आणि ती बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी आमच्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं. वयात बसणारं मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना नोटीस जायची, आणि तरीही ऐकलं नाही तर कोर्टात खटला व्हायचा. त्यासाठी एक हजेरी अधिकारी नेमलेला असे. आमच्याकडच्यांना सगळे अप्पा म्हणत. घरोघर फिरून शाळेबाहेरची मुलं शोधायची हे अप्पांचं काम, आणि ते जिथं चहा मिळतो अशाच घरांतून ते करत. द्वारका एका दुपारी मला म्हणाली, "चल, अप्पांकडे जाऊ." मला वाटलं ती विनवण्या करायला निघालीय. मी तिला तेव्हाही पुरती ओळखत नव्हते.

"अप्पा, गाडीतळावर इतकी मुलं शाळेबाहेर आहेत. तुम्ही त्यांच्या आईबापांना नोटिसा का दिल्या नाहीत?"

अप्पांचा चहाचा कप हवेतच राहिला. "अहो बाई, ती माणसं कुठं आपल्या हद्दीतली?"

"गाडीतळ कुणाच्या हद्दीत आहे?"

"गाडीतळ आपलाच. माणसं आपली नव्हेत."

"गेल्या महिन्यात त्यांना देवीची लस नगरपालिकेनंच टोचली ना? टोचताना हद्दीत होती आणि पाटी धरताना हद्दीबाहेर गेली?"

अप्पा घाम पुसू लागले. म्हणाले, शाळाच त्यांना घेत नाही, मग मी आईबापांवर खटला कसा भरू? द्वारका म्हणाली, "ते कोर्टात कळेल. तुम्ही तुमचं काम करा. नाही केलंत तर मी वर कळवीन, पनवेलच्या अप्पांनी गाडीतळापुरता कायदा रद्द केलाय म्हणून." बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, हे उलटलं तर त्या गरिबांना शिक्षा होईल." ती थांबली. एरवी न थांबणारी बाई भर रस्त्यात थांबली. "म्हणून तर आधी त्यांना विचारायला चाललेय. ते नाही म्हणाले तर अप्पांना मी स्वतः जाऊन थांबवीन."

गाडीतळावर चांगुणेचा बाप हिराजी बैलांना पेंढा घालत होता. उंच, वाळलेला माणूस, स्वतःची बऱ्यापैकी शेती असलेला. आता भाऊसाहेबांच्या गिरणीच्या गाडीवर होता. द्वारकेनं त्याला सगळं फोड करून सांगितलं. खटला तुमच्यावर होईल. मॅजिस्ट्रेटनं नीट ऐकलं नाही तर दंड होईल. मी तो टाळू शकेनच असं नाही. हिराजीनं पेंढा खाली ठेवला. "बाय, दर्यानं घर न्हेला, शेत न्हेला. आथा सरकार काय न्हेल?" त्याची बायको चुलीपुढून उठून आली. "थांबा वाईच. पोरगी शालंत जात नाय म्हनून आमाला कोडतात उभी करनार. आन् शाला तिला आत घेत नाय. आसाच ना?" द्वारका म्हणाली, "असंच." ती बाई पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मंग मी पन येते. मला बगायचाय त्यो सायब काय बोलतो."

अशा रीतीनं, आपल्या मुलांना शाळेत न पाठवल्याबद्दल, रोज शाळेच्या फाटकातून परत पाठवल्या जाणाऱ्या मुलांचे आईबाप कोर्टात उभे राहिले. मॅजिस्ट्रेट तरुण होते, बाहेरून बदलून आलेले, त्यामुळे पनवेलच्या कुणाच्या घरी अजून जेवलेले नव्हते. हेडमास्तरांना साक्षीला बोलावलं होतं. भाऊसाहेब पहिल्या बाकावर. आपली शाळा कायदा कशी काटेकोर पाळते हे पाहायला ते आले होते, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

हिराजीला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तो हात जोडून म्हणाला, "सायब, पोरगी शालंत नाय ह्ये कबूल हाय. पन आमी रोज धाडताव, आन् ह्ये मास्तर रोज परत धाडतान. तं गुन्हा कोनाचा त्यो तुमीच लिवा."

मॅजिस्ट्रेटनी हेडमास्तरांकडे पाहिलं. "ही मुलं तुमच्या शाळेच्या हद्दीत राहतात का?"

हेडमास्तर उठले. निऱ्या सारख्या केल्या. "राहतात, साहेब... पण राहतात असं म्हणता येणार नाही."

"म्हणजे?"

"त्यांना घर नाही."

"घर आहे का, असं मी विचारलं नाही. राहतात का?"

मागं कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. हेडमास्तर म्हणाले, "गाडीतळावर राहतात."

"मग पत्ता गाडीतळ असा लिहा, आणि उद्यापासून यांना वर्गात बसवा. दाखल्याचं म्हणाल तर शाळा वाहून गेलीय, ती काही मुलांनी वाहवली नाही." एवढं बोलून त्यांनी पुढचं प्रकरण घेतलं. भाऊसाहेब बाहेर येऊन द्वारकेला म्हणाले, "बाई, शेवटी सत्याचा विजय होतो, मी म्हणतच होतो." मी तिथं हजर होते म्हणून सांगते, नाहीतर माझा स्वतःचाही विश्वास बसला नसता.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. हेडमास्तरांनी त्यांच्यासाठी मागच्या भिंतीशी वेगळं बसकर आणि वेगळं मडकं ठेवलं होतं. द्वारकेनं वर्गात शिरल्या शिरल्या सगळ्यांना उभं केलं. "आजपासून उंचीनं बसायचं. बुटके पुढं, उंच मागं." झालं. वकिलाच्या मुलाच्या एका बाजूला चांगुणा आणि दुसऱ्या बाजूला तिचा भाऊ. मडक्याचं तिनं काही केलं नाही, फक्त दोन्ही मडक्यांतलं पाणी रोज सकाळी या मडक्यातून त्या मडक्यात ओतायची, सगळ्यांदेखत. आठवड्यानं एक मडकं आपोआप नाहीसं झालं. एक आई तणतणत आली, तिच्या बाळूला खरूज झाली म्हणून. द्वारकेनं गंधकाचं मलम काढलं, बाळूला लावलं, मग रांगेनं सगळ्या वर्गाला लावलं आणि शेवटी विचारलं, "तुम्हाला लावू का?" ती आई पुन्हा आली नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या आत कुणी तरी मोठे पाहुणे गावात यायचे होते आणि त्यांच्या वाटेवर गाडीतळ पडत होता. नगरपालिकेनं एका सकाळी शेड रिकामी करवली. गोणपाटं ओढून काढली, चुली पायानं मोडल्या. माणसं उठून पळस्प्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या आंबराईत जाऊन राहिली, हद्दीच्या बरोबर बाहेर. हेडमास्तर सकाळी शाळेत आले तेच शीळ घालत. मी त्यांना शीळ घालताना तेवढं एकदाच ऐकलं. त्यांनी मुलांची नावं काढायला घेतली. द्वारका म्हणाली, "चढलेलं नाव आईबापांनी दाखला मागितला तरच उतरतं, नाहीतर मूल यायचं बंद झालं तर. दाखला कुणी मागितला? आणि यायचं कोण बंद झालंय?" त्यांनी खिडकीतून पाहिलं. फाटकाशी भाताची गाडी उभी होती आणि पोत्यांवरून मुलं एकामागून एक उतरत होती. हिराजी रोज सकाळी पळस्प्याकडून गिरणीला भात घेऊन यायचाच, त्याच गाडीवर त्यानं मुलं बसवली होती. भाऊसाहेबांचा भात, भाऊसाहेबांचे बैल. पुढं कित्येक महिने त्यांच्याच गाडीतून ती मुलं शाळेत आली आणि भाऊसाहेबांना त्याचा पत्ता नव्हता. कळलं तेव्हा त्यांनी हिराजीला काढून टाकलं. मग मुलं चालत आली.

सगळी नाही आली. दोन भाऊ होते, नामा आणि धर्मा, मोठा माझ्या वर्गात यायच्या बेतात होता. त्यांचे आईबाप वीटभट्टीच्या मुकादमाबरोबर निघून गेले, कुठं ते कुणाला सांगून गेले नाहीत. द्वारका रविवारी भट्ट्या पालथ्या घालत हिंडली. भिवंडीपर्यंत गेली. प्रत्येक ठिकाणी मुकादम तिला विचारी, "तुमची कोण?" ती म्हणे, "माझ्या वर्गातली." मुकादमांना ते नातं समजत नसे. ती दोघं तिला सापडली नाहीत. कोर्टातली गोष्ट ती कधीच कुणाला रंगवून सांगायची नाही, कुणी काढलीच तर म्हणायची, "नामा-धर्मा राहिले त्याचं काय?" आणि विषय संपायचा.

त्यानंतरच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची बदली झाली. जासईच्या पलीकडे, मिठागरांच्या मधोमध, एका एकशिक्षकी शाळेवर. 'प्रशासकीय सोय' असं कारण दिलं होतं. शिक्षा म्हणून पाठवलेल्या त्या जागी मिठागरांवरच्या झोपड्यांतली पोरं होती, हंगाम संपला की गावोगाव पांगणारी. म्हणजे शिक्षा करणाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच योग्य माणूस योग्य जागी नेमला, आणि तोही चुकून. ती तिथं निवृत्त होईपर्यंत राहिली. गाडीतळाची उरलेली मुलं मी चौथीपर्यंत नेली. चांगुणा चौथी चांगल्या रीतीनं पास झाली. सरकारनं नवा बांध घातला, शेतांतला खार उतरला, माणसं गावी परतली. हेडमास्तर यथावकाश वारले. त्यांच्यावरही एक स्मृतिलेख वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत आला होता. त्यात त्यांच्या शिस्तीचं फार वर्णन होतं.

आता शोकसभा. मी गेले, बोलायला नव्हे, पाहायला. आमच्याच शाळेच्या पटांगणात मांडव, द्वारकेचा तिला अजिबात न आवडलेला फोटो, त्याला झेंडूचा जाड हार. भाऊसाहेब आता म्हातारे झालेत, आवाज मात्र तसाच तुपाळ. ते म्हणाले, गाडीतळाच्या त्या कठीण काळात मी आणि द्वारकाबाई खांद्याला खांदा लावून लढलो. बायका डोळे पुसू लागल्या. घोंगड्यांचा उल्लेख झाला. दोन वेळा झाला.

तेवढ्यात मागून एक बाई उभी राहिली. नऊवारी, हातात हिरवा चुडा, कडेवर मूल. चांगुणा. कळंबोलीकडे दिलीय तिला. तिनं हात वर वगैरे केला नाही, सरळ बोलायला लागली. "भाऊसायेब, पळस्प्याचे नाक्यावर रस्त्याचे कामाची मानसं हायत, पालं टाकून. त्यांची पोरं तुमी शालंत घेतलीव का?"

भाऊसाहेब म्हणाले, "बाई, आज शोकप्रसंग आहे. ही जागा नव्हे."

"बाय आसती तं तिनं ह्याच जागी इचारला आसता," चांगुणा म्हणाली. "मी फाटकापासून परत गेलीय. मला म्हाईत हाय किती लांब हाय तं." मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि ती निघाली. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी चपला घालत होते. आमच्या मागोमाग एक तरुण गृहस्थ धावत आले. ते आताचे हेडमास्तर. त्यांनी चांगुणेला विचारलं, "किती मुलं असतील तिथं?" ती म्हणाली, "या बगायला." ते गेले, असं ऐकलं. काही मुलांना घेतलंही म्हणतात. सगळ्यांना का नाही, हे विचारायला मी पुन्हा जाणार आहे.

त्या संध्याकाळी मी द्वारकेच्या बिऱ्हाडी गेले. निवृत्तीनंतर ती बाजाराच्या मागं दोन खोल्यांत राहत होती. भाचा भांडीकुंडी घेऊन गेला होता, खोल्या रिकाम्या होत्या. घरमालक किल्ली घेऊन माझ्याबरोबर आले. शोकसभेत तेही पुढच्या रांगेत बसले होते. बाहेरच्या खोलीची भिंत मला दाखवून म्हणाले, "हे बघा, काय करून ठेवलंय. खरवडल्याशिवाय नवा चुना धरणार नाही." जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काळपट, तेलकट पट्टा होता. संध्याकाळी शिकायला येणारी पोरं तिथं भिंतीला टेकून बसायची. तेल चोपडलेली डोकी, वर्षानुवर्षं, एकाशेजारी एक. कुठं राहणारी, कुठून आलेली, त्या पट्ट्यावरून काही सांगता येत नव्हतं.

मी मालकांना म्हटलं, थोडा वेळ मला एकटीला बसू द्या. ते कुरकुरत बाहेर गेले. मी जमिनीवर बसले आणि भिंतीला पाठ टेकली. माझं डोकं त्या पट्ट्याच्या बरंच वर येत होतं. म्हातारपणी गुडघे ऐकत नाहीत, तरी पाय पसरून हळूहळू खाली सरकले... डोकं बरोबर तिथं टेकेपर्यंत.